डाय घ्यायचा की नाही

मुंबईच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर एक सिस्टर प्रत्येक पेशंटला तेच प्रश्न विचारत होती. दमा आहे का, शुगर आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, किडनीचा काही त्रास? माझी पाळी आली तेव्हा शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "किडनी एकच आहे."

तिने मान वर केली. "जन्मापासून?"

"नाही. भावाला दिली."

"अरे वा!" ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. "आता कसे आहेत भाऊ?"

"वारला."

तिने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मग आत जाऊन एका तरुण डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी माझा रक्ताचा रिपोर्ट पाहिला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "डाय चालेल. नंतर पाणी भरपूर प्या." मी आत गेले. हे २०१६ मधलं. कॅन्सरचे उपचार संपल्यानंतरचा तो माझा पहिला स्कॅन होता.

मी तलासरीच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते आणि डहाणू रोडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. लग्न केलं नाही, त्यामागे सांगण्यासारखं काही कारण नाही. ते राहून गेलं. आईवडील गेल्यावर जवळचा माणूस म्हणून एक मोठा भाऊच होता. तो रेल्वेत होता आणि वहिनींबरोबर सरावलीला राहायचा. त्यांना मूल नव्हतं. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे.

चाळिशीतच दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी त्याला वापीला जावं लागायचं. शाळा तलासरीला असल्यामुळे मी कितीदा तरी शाळा सुटल्यावर हायवेवर उभी राहायचे आणि त्यांच्या गाडीत बसून पुढे जायचे. डायलिसिस म्हणजे काय हे मला तिथे बसून समजलं. घोटभर पाण्यासाठी माणूस कसा कासावीस होतो, बर्फाचा एक खडा तोंडात किती वेळ पुरवतो, हे मी पाहिलं. मशीनची सुई टोचण्यासाठी त्याच्या हातातली शीर ऑपरेशन करून मोठी केली होती. तिथे बोट ठेवलं की आत सतत थरथर लागायची. "मांजर पाळलंय बघ," असं म्हणून तो माझा हात तिथे ठेवायचा. मी हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत.

वहिनींचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मी किडनी दिली. शाळेत शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला, नातेवाइकांत नाव झालं. मला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटत नव्हतं, पण वहिनी त्या दिवसापासून बदलल्या. मी गेले की चांगली खुर्ची माझ्यापुढे यायची, पहिलं ताट माझं, आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की "वन्सं, तुम्ही बसा हो बाहेर." पूर्वी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून खिदळायचो. आता मी त्या घरात पाहुणी झाले.

पाच वर्षं दादा चांगला जगला. कामावर गेला, भरपूर पाणी प्यायला, एकदा द्वारकेलाही जाऊन आला. मग एका सकाळी पेपर वाचता वाचता छातीत कळ आली आणि तो गेला. किडनी शेवटपर्यंत उत्तम चालत होती, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला काय वाटायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. दहाव्याला आलेली एक बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमचाही एक तुकडा गेला हो त्यांच्याबरोबर." वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यानंतर रविवारचं जेवण हळूहळू बंद झालं. कोणी बंद केलं असं नाही. एका रविवारी माझं काहीतरी काम निघालं, पुढच्या रविवारी त्यांचं.

दादाला जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा, २०१५ मध्ये, मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं आणि पुढे केमो. वहिनी ऑपरेशनच्या वेळी येऊन राहिल्या, केमोच्या दिवसांत डबा पाठवत राहिल्या, पण आम्ही बोललो ते औषधांबद्दल आणि भाताबद्दल. केमोत एकदा जुलाबांनी अंगातलं सगळं पाणी गेलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं. क्रिएटिनिन हा शब्द मला समजावून घ्यावा लागला नाही. किडनी रक्तातला कचरा नीट बाहेर टाकत नसली की हा आकडा चढतो. दादाच्या घरात तो आकडा आम्ही रोजच्या भाजीसारखा बोलत असू.

त्या पहिल्या स्कॅननंतर आठवड्याभराने मी वापीच्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. दादाचेही तेच डॉक्टर होते, वयस्कर, गुजराती. मराठी बोलायचे, पण वैतागले की आपल्या भाषेत शिरायचे. माझा नवा आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"बेन, डाय कोणी दिला?"

"स्कॅनला लागतो म्हणाले. शिरेतून देतात."

"ते मला ठाऊक आहे. एक ज किडनी छे, एकच आहे, ते सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

मग ते शांत झाले आणि त्यांनी नीट समजावलं. डाय दिला की आतले अवयव स्कॅनमध्ये उठून दिसतात, पण तो डाय शेवटी किडनीलाच बाहेर काढावा लागतो. धडधाकट किडनीला त्याचं काही वाटत नाही. आधीच थकलेली असेल तर ती कधीकधी बसते. बहुतेकदा पुन्हा उठते, क्वचित उठत नाही. "तुमचा आकडा डायमुळेच वाढला असं मी छातीठोक सांगणार नाही. केमोचाही असर असेल. पण उगाचच्या उगाच पुन्हा घेऊ नका."

आकडा नंतर उतरला, पण होता तिथपर्यंत आला नाही.

खरा पेच पुढच्या वर्षी पडला. कॅन्सर परत येतोय का हे पाहायला दर काही महिन्यांनी रक्ताची एक तपासणी असायची. तिचा आकडा २०१७ मध्ये थोडा वाढलेला आला, पुन्हा केली तर पुन्हा तसाच. सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला. मुंबईच्या कॅन्सरच्या डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान, भराभर बोलणाऱ्या, पण प्रत्येक वाक्य माझ्याकडे बघून बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, डाय देऊनच सीटी करायला हवा. साध्या सीटीत हा डाग कसला आहे ते कळणार नाही. कॅन्सर तिथे गेला असेल आणि एकच छोटी गाठ असेल तर ती काढता येते. आपण थांबलो आणि एकाच्या चार झाल्या, तर मग मला पर्याय कमी राहतील."

वापीचे डॉक्टर म्हणाले, "आधी एमआरआय करा, डाय न देता." तो केला. रिपोर्टमध्ये लिहून आलं की डाग आहे, साधा असण्याची शक्यता जास्त, पण खात्रीसाठी डाय देऊन तपासावं. म्हणजे मी होते तिथेच.

एमआरआयच्या डायबद्दल विचारलं तर तोही एवढ्या कमी चालणाऱ्या किडनीला द्यावा की नाही यावर दोन मतं होती. मुंबईत गेले की डागाची भीती घेऊन परत यायचं, वापीला गेले की किडनीची. मधल्या रस्त्यावर, बसमध्ये, दोन्ही भीती मांडीवर घेऊन मी बसलेली. दोघंही डॉक्टर भले होते, दोघंही शेवटी एकच वाक्य म्हणायचे, "निर्णय तुमचा." इतक्या आदराने म्हणायचे की मला त्याबद्दल तक्रारही करता येईना.

शाळेत मी दोघीतिघींना सांगून पाहिलं. एक म्हणाली, मुंबईच्या डॉक्टरांचं ऐका, ते मोठे. दुसरी म्हणाली, माझ्या मामेसासूचे तर पाच स्कॅन झाले, काही झालं नाही. तिसरीने तिसऱ्याच दिवशी कसल्याशा काढ्याची बाटली आणून दिली. मी ती घरी नेऊन ओतून टाकली, कारण वापीच्या डॉक्टरांनी असल्या गोष्टींना सक्त मनाई केली होती. नंतर ती रोज विचारायची, "घेताय ना?" मी "हो" म्हणायचे. काढा घेतला असं खोटं सांगताना मला जितकं एकटं वाटलं तितकं ऑपरेशन थिएटरच्या दारातही वाटलं नव्हतं. सगळे माझं बरं व्हावं म्हणून बोलत होते, आणि एकालाही नेमका प्रश्न काय आहे ते माहीत नव्हतं.

मला मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण कॅन्सर माझ्यासाठी अजून एक शब्द होता. डायलिसिस मी पाहिलं होतं. दादाला न्यायला मी होते, वहिनी होत्या, रेल्वेतले त्याचे मित्र होते. मला आठवड्यातून तीनदा वापीला कोण नेणार? सुई काढल्यावर चक्कर आली तर कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा? असल्या गोष्टी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता मनात घोळवायचे आणि मुलं मागे वाट बघत बसायची.

एवढ्या सगळ्यात एकच बाई अशी होती जिला यातलं काही समजावून सांगावं लागलं नसतं. एका रविवारी मी न कळवता सरावलीला गेले.

वहिनी अंगणात पापड उलटत होत्या. मला पाहून लगबगीने उठल्या आणि खुर्ची आणायला निघाल्या. मी म्हटलं, "खुर्ची नको वहिनी," आणि पायरीवरच बसले. सगळं सांगितलं. डाग, आकडा, दोन डॉक्टर. त्या उभ्यानेच ऐकत होत्या.

"किती झालंय क्रिएटिनिन?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. तो आकडा ऐकून असे डोळे मिटणारं दुसरं कोणी मला आतापर्यंत भेटलं नव्हतं.

"तुम्ही काय केलं असतंत?" मी विचारलं.

"मला नका विचारू, वन्सं."

"मग कोणाला विचारू?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग पायरीवर, माझ्यापासून थोड्या अंतरावर बसल्या. "तुम्ही डाय घेतलात आणि तुम्हाला मशीनवर जावं लागलं, तर ते आमच्यामुळे. नाही घेतलात आणि डाग वाढला, तर तेही आमच्यामुळे. तुमची दुसरी असती तर हा प्रश्नच आला नसता. मी कुठल्या तोंडाने सांगू, हे करा की ते करा?"

"मी असं कधी म्हटलंय का?"

"तुम्ही नाही म्हटलं. म्हणूनच जास्त जड जातं." त्यांनी जवळचा एक पापड उगीचच उलटला. "यांना किडनी दिलीत तेव्हा मी तुमच्या पाया पडले होते, आठवतं? त्यानंतर तुमच्याशी साधं बोलायचं कसं ते मला कधी जमलंच नाही."

मला आठवत होतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर त्या वाकल्या होत्या आणि मी संकोचून पाय मागे घेतले होते. मला वाटलं होतं की ते तिथेच संपलं.

मी म्हटलं, "मला पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा दिली असती." त्यांनी मान डोलावली. ते त्यांना ठाऊकच होतं, आणि त्याने त्यांचं ओझं काही हलकं झालं नाही. आम्ही दोघींनी पापड गोळा केले. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "ते दोघं डॉक्टर एकमेकांशी बोललेत का?"

बोलले नव्हते. एवढे दिवस मी एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगत होते, आणि ते माझ्या तोंडून जाताना त्यात माझी भीतीही मिसळून जात असणार.

त्या आठवड्यात मी वापीला जाऊन डॉक्टरांना म्हटलं, "तुम्ही त्यांना फोन कराल का? आत्ता, माझ्यासमोर?" त्यांना थोडं आश्चर्य वाटलं, पण त्यांनी केला. दोघं इंग्रजीत बोलले. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. एकदा ते जोरात "नो, नो" म्हणाले, एकदा हसलेही. फोन ठेवून त्यांनी माझ्यासाठी सगळं मराठीत सांगितलं. आदल्या दिवशी भरती व्हायचं, सलाइन चढवायचं, स्कॅन झाल्यावरही चालू ठेवायचं. डाय कमीत कमी, आणि फक्त यकृतापुरता स्कॅन. ब्लडप्रेशरची एक गोळी बंद ठेवायची, दुखलं तरी पेनकिलर घ्यायची नाही. तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचं.

"म्हणजे घेऊ?"

"डाग जर खरोखर कॅन्सरचा असेल तर तो आता कळणं महत्त्वाचं आहे, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. जोखम छे, बेन. बहु मोटुं नथी, फार मोठी नाही. पण छे."

मी त्या 'पण छे'साठी त्यांची आभारी आहे. जोखीम नाही म्हणून कोणी मला फसवलं असतं तर मी कदाचित पळून गेले असते. मी होकार दिला. तो मी कुठल्या बळावर दिला ते सांगता येत नाही. विचार करून करून डोकं सपाट झालं होतं आणि शाळेला दोन दिवस सुट्टी होती.

वहिनींना फोन करून तारीख आणि ठरलेलं सगळं सांगितलं. त्या "येऊ का?" म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जपून जा." मीही "या" म्हटलं नाही. तलासरीहून हायवेची बस धरून एकटीच मुंबईला गेले.

वॉर्डमधल्या सिस्टरने विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मागून येणार आहेत?"

"नाही."

"मग सहीला?"

"मीच करते."

तिने आत जाऊन विचारलं आणि मला सही करू दिली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईभोवती तिच्या दोन सुना आणि एक जावई होता. त्यांनी मला केळं दिलं, आणि मग उगीचच आवाज खाली करून बोलू लागले. सलाइन थेंब थेंब चढत होतं. मी खिडकीकडे तोंड करून पडले आणि मनातल्या मनात पुढच्या आठवड्याचा धडा शिकवून टाकला.

स्कॅनच्या वेळी मशीनमधून रेकॉर्ड केलेला आवाज श्वास धरायला सांगत होता. डाय शिरेत शिरला तसा घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लोट गेला, जिभेवर लोखंडाची चव आली. मागच्या वेळी हेच झालं होतं, पण तेव्हा मला ते नुसतं विचित्र वाटलं होतं. या वेळी मी मनात तिच्याशी बोलले. बाई, एवढं काढ. एवढं एकदाच काढ. किडनीला बाई म्हणण्यासारखी मी कधीच नव्हते. तिथे दुसरं कोणी नव्हतं म्हणून म्हटलं असेल.

डाग कॅन्सरचा नव्हता. यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा तो एक गुंता होता, बहुधा जन्मापासूनचा, निरुपद्रवी. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचाच आवाज माझ्यापेक्षा आनंदी होता. कॅन्सरच्या तपासणीतला तो वाढलेला आकडा किडनी कमी चालते म्हणूनही थोडा वर राहू शकतो, असं वापीचे डॉक्टर नंतर म्हणाले.

पण किडनीचं अजून कळायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी डहाणूच्या लॅबमध्ये रक्त देऊन शाळेत गेले. मधल्या सुट्टीत फोन वाजला. वहिनी होत्या.

"आज तिसरा दिवस ना? आलं का?"

"संध्याकाळी येईल."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, माझ्याकडे पोरांचा आरडाओरडा. असं थोडा वेळ चाललं, मग घंटा झाली.

क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं. वापीचे डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. पुढच्या आठवड्यात ते खाली आलं. यावेळी होतं तिथपर्यंत आलं.

यानंतर माझं आणि वहिनींचं पूर्वीसारखं जमलं, असं लिहायला मला आवडलं असतं. आम्ही बोलायला लागलो हे खरं. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या भावाने त्यांना बिलिमोऱ्याला नेलं, एकट्या कशाला राहता म्हणून. सरावलीचं घर बंद झालं. सुरुवातीला माझ्या तपासणीच्या दिवशी त्यांचा फोन यायचा. मग तारखा त्यांच्या ध्यानात राहिनाशा झाल्या, आणि मी त्या कळवणं सोडलं. सणाला बोलतो. त्या बिलिमोऱ्याच्या हवेबद्दल सांगतात, मी शाळेबद्दल.

डायचा प्रश्न मात्र दर वर्षी नव्याने समोर येतो. एकदा सुटला म्हणून कायमचा सुटत नाही. २०१८ मध्ये दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून छातीचा साधा सीटी आणि पोटाची सोनोग्राफी ठरवली. २०१९ मध्ये वापीचे डॉक्टर निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी आलेले तरुण डॉक्टर म्हणाले की डायची भीती पूर्वी वाटायची तेवढी आता धरत नाहीत, तरी तुमच्या बाबतीत विचार करावा लागेल. मुंबईच्या डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, बरेच दिवस झाले. यंदा एकदा डाय देऊन पाहूया का? तुमच्यावर आहे."

मी विचारलं, "रक्तात काही वाढलंय?"

"नाही."

"सोनोग्राफीत नवं काही?"

"नाही. पण सोनोग्राफीत सगळं दिसतंच असं नाही."

"मग यंदा साधंच करू. काही वाढलं तर मी घेईन."

त्यांनी पेन हातात घेतलं. "नक्की?"

"नक्की काहीच नाही," मी म्हटलं. त्या हसल्या आणि तसं लिहून दिलं. बाहेर येऊन मी फोन हातात घेतला. ठरलं, हे कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. नावं खाली-वर केली. कोणालाही सांगायचं तर अगदी सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं. फोन पर्समध्ये टाकला आणि बस पकडायला निघाले. दुसऱ्या दिवशी आठवीची चाचणी होती आणि प्रश्नपत्रिका अजून काढायची होती.